‘पत्ता’ खटकतो

माझ्या एका शंभर पानी वहीत ११ एप्रिलच्या तारखेखाली दोनच शब्द आहेत: ‘पत्ता खटकतो.’ का खटकतो ते लिहिलेलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. ते कळायला ३४ दिवस लागले, आणि कळलं तेव्हा मी गॅलरीत नाइटगाउनवर उभी होते, हातात पाण्याचा पाइप होता.

काम होतं कूलर दुरुस्तीचं. म्हणजे दुरुस्तीचं नव्हे, दुरुस्तीच्या फेऱ्या लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं. नागपूरच्या माणसाला कूलर काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. होळी झाली की पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसायची, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या किंवा गवताच्या नव्या बसवायच्या, आणि मग पाऊस येईपर्यंत घरातलं सगळं जगणं त्या पत्र्याच्या पेटीभोवती. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९वर गेला होता. त्या दिवशी कूलर बंद पडलेल्या घरातून कसा फोन आला असेल याची कल्पना करा, म्हणजे माझ्या ग्राहकाचा धंदा कळेल.

इतवारीतल्या एका गल्लीत त्यांचं वर्कशॉप आहे. ११ मेकॅनिक, सगळे दुचाकीवर. ऐन हंगामात दिवसाला शंभराच्या आसपास तक्रारी. त्यांसाठी कोणी, कुठे, कधी जायचं हे मालकाची मामी ठरवते. सगळं वर्कशॉप तिला मामीच म्हणतं, मीही म्हणायला लागले. साठीच्या आसपासचं वय, समोर लांबट रजिस्टर, कानाला फोन, दुसऱ्या हातात पेन. मामीचे गुडघे आता बोलायला लागलेत, तिच्यानंतर कोण, हा मालकाचा प्रश्न. मामीचं डोकं कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्या, इतकंच त्याचं मागणं होतं. १८ वर्षं कोड लिहिते आहे, पुण्यात होते तेव्हा मोठमोठी कामं केली आहेत, त्यामुळे मला ते महिन्याभराचं वाटलं.

पहिली आवृत्ती झालीही महिन्यात. तक्रारींचं एक टेबल: नाव, फोन, पत्ता, बिघाड, वेळ. पत्त्याचा नकाशावर ठिपका. मग ठिपके जोडायचे. दहा घरं कोणत्या क्रमाने फिरायची याचे ३६ लाख २८ हजार ८०० प्रकार होतात, पंधरा घरं झाली की एक लाख ३० हजार कोटींच्या वर. सगळे तपासत कोणी बसत नाही. जवळचं घर आधी घ्यायचं, मग मार्गातले दोन दोन दुवे उलटे करून पाहायचे, अंतर कमी झालं तर ठेवायचं. ठीकठाक उत्तर मिळतं. पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. मी सरळ रेषेतलं अंतर धरलं होतं आणि नागपूरच्या पोटातून रेल्वेचे रूळ गेले आहेत हे, इथेच जन्मून, विसरले होते. नकाशावर सातशे मीटर दिसणारं घर रुळांच्या पलीकडे निघायचं आणि पोरगा पूल शोधत वळसा घालायचा. ते दुरुस्त केलं, रस्त्याचं खरं अंतर घेतलं. पेट्रोल वाचायला लागलं. मालक खूश झाला.

मेकॅनिक खूश नव्हते. ‘म्याडम, तुमचं सॉफ्टवेअर बराबर आहे, पण काम होऊन नाही राहिलं,’ असं त्यातला एक जण म्हणाला. म्हणजे काय, तर घरं भराभर होत होती, पण चारातल्या एका घरी पुन्हा जावं लागत होतं. दुसरी फेरी. मी शिकल्यासारखं वागले. सुटे भाग कमी पडत असतील म्हणून बिघाडावरून अंदाज बांधून कोणी किती पंप, किती कंडेन्सर (पंख्याची मोटर चालवणारा छोटा भाग) सोबत न्यायचे याची यादी तयार करून दिली. थोडा फरक पडला. थोडाच.

याच दिवसांतली ती वहीतली ओळ.

ती कशी आली ते सांगते, कारण मला सांगायचं आहे ते तेवढंच आहे. तक्रारींच्या टेबलाची फाइल उघडली की मी दुसरंच काहीतरी करायला लागायचे. नावं नीट करायची, मोकळ्या जागा सारख्या करायच्या, चहा ठेवायचा. पहिले काही दिवस मी त्याला आळस म्हटलं. पण आळशी माणूस फाइल उघडतच नाही. मी उघडत होते, दिवसातून दहा वेळा, आणि ‘पत्ता’ या कॉलमपाशी येऊन काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं. पोळीत खडा आला की दात आधी थांबतो आणि काय झालं ते मागाहून कळतं, तसं. कोडमध्ये चूक नव्हती. टेस्ट हिरव्या, म्हणजे कोडच्या सगळ्या चाचण्या पास होत्या. सोबतीला विचारायला कोणी नव्हतं आणि असतं तरी काय विचारणार होते? ‘अगं, मला पत्ता हा शब्द आवडत नाहीये’?

पुण्यातल्या नोकरीत अशा वाटण्याला जागा नव्हती. बैठकीत ‘मला असं वाटतं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कशावरून?’ आणि कशावरून ते सांगता आलं नाही की विषय संपला. मी स्वतःही ज्युनियर पोरांना तेच विचारलं आहे, त्याचं आज वाईट वाटतं. नागपूरला परतल्यावर, एकटीने काम करायला लागल्यावर, ही वही सुरू केली. नियम एकच: जे खटकतं ते लिहायचं, कारण लिहायचं नाही. कारण शोधायला लागलं की मन एखादं बरं दिसणारं कारण हातात ठेवतं आणि खरं निसटतं. वहीतल्या अर्ध्याहून जास्त ओळींमधून कधीच काही निघालेलं नाही, हेही सांगून टाकते.

आकड्याआधी खटकणं येतं याचा अनुभव खरं तर अख्ख्या नागपूरने घेतला आहे. ३० मे २०२४ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. फोनवर फोन, देशभर बातमी. आमच्या कोपऱ्यावरच्या तर्रीपोहेवाल्याने मात्र बातमी ऐकून रश्श्यात डाव फिरवत सांगितलं, ‘५६ नाही होत बा. ५६ असतं तर मी इथं उभा नसतो.’ सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पोहेवाल्याकडे थर्मामीटर नव्हता, पण सगळे उन्हाळे त्याने भट्टीसमोर काढलेले होते. त्याचं ‘नाही होत’ हे हवेतून आलेलं नव्हतं.

असो. तर १५ मे. पहाटेचे साडेपाच-पावणेसहा. शहराच्या बऱ्याच भागात चोवीस तास पाणी आलं असलं तरी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, नळाची वेळ ठरलेली आहे आणि ती सकाळची आहे. रात्रभर चालून कूलरची टाकी कोरडी झालेली, पंप बंद केलेला. मी पाइप सोडला आणि पंप चालू केला. आधी तो कोरडा घरघरला. मग पाणी त्याच्या वर चढलं, आवाज एकदम मऊ झाला. बारीक नळ्यांतून पाणी वर गेलं, ताटी वरून खाली ओली होत आली, वाळ्याचा वास सुटला. एका बाजूच्या नळीची दोन भोकं क्षाराने बुजली होती, तिथे ताटीवर कोरडा पट्टा राहिला. मी पिन आणून ती भोकं मोकळी करायला लागले.

आणि पिन हातात असतानाच वाटलं: हा कोरडा पट्टा अकरा वाजता दिसला नसता.

अकरा वाजता नळ गेलेला असतो. मेकॅनिक येतो, टाकीत हात घालतो, टाकी खडखडीत. पंप बदलतो, नळ्या फुंकतो, आणि जाताना म्हणतो, ‘काकू, पाणी आलं की लावून पाहा, नाही चाललं तर फोन करा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पाणी भरतात, एक बाजू कोरडीच राहते किंवा तळातून टाकी गळायला लागते, आणि फोन येतो. तो फोन माझ्या टेबलात नवी तक्रार म्हणून बसतो. माझं सॉफ्टवेअर त्याला पुन्हा जवळच्या ठिपक्याशी जोडतं, बहुधा पुन्हा अकरा वाजताच्या.

‘पत्ता’ म्हणजे घर कुठे उभं आहे. पण मला हवा होता तो कूलर, आणि तपासता येईल असा कूलर त्या पत्त्यावर दिवसातून दोनच तास असतो. नळ गेला की तो माझ्या शहरात नसतोच. माझा नकाशा दिवसभर स्थिर होता आणि खरं नागपूर लेआउटगणिक तासातासाला उघडत-मिटत होतं. पाणी टाकीबाहेर सांडून खालच्या मजल्यावर गेलं, तिथून आवाज आला, ‘अवो ताई, नळ!’ तेव्हा मी भानावर आले.

ज्या गणिताच्या आधारावर मी रस्त्यांची अंतरं मोजत होते त्याचीही कथा अशीच काहीशी आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदीला हिंडत होते. दमले, एका कॅफेच्या बाहेर कॉफी प्यायला बसले आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधायचा याचं उत्तर साधारण वीस मिनिटांत डोक्यातल्या डोक्यात तयार झालं. छापलं ते १९५९ साली. कागद-पेन्सिल जवळ नव्हतं म्हणूनच ते इतकं साधं राहिलं, नको ती गुंतागुंत टाळावीच लागली, असं त्यांनी पुढे सांगितलं. ही गोष्ट नवशिक्यांना सांगताना लोक कॉफीवर जोर देतात. मला त्यातली दोन वाक्यं आठवतात: ते दमलेले होते, आणि एका नव्या यंत्राची करामत लोकांना दाखवायची म्हणून एखादा सोपा कळेलसा प्रश्न शोधणं चाललंच होतं. प्रश्न आधी पोटात असावा लागतो. रिकाम्या पोटी कॅफेत बसलं तर फक्त बिल येतं.

त्या सकाळी मला काही नवं सुचलं असंही नाही. ट्रकच्या फेऱ्या लावायचा प्रश्न डँटझिग आणि रॅमझर यांनी १९५९ सालीच, पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी, मांडला. त्यात प्रत्येक ठिकाणाला ठरावीक वेळेची खिडकी असली तर काय, यावर मारियस सॉलोमनने १९८७ साली करून ठेवलेली उदाहरणं आजही नव्या पद्धती तपासायला वापरतात. उत्तर पुस्तकात होतं आणि ते पुस्तक मी वाचलेलंही होतं. आपला प्रश्न तोच आहे एवढंच ओळखू येत नव्हतं. कोड लिहून देणारी साधनं आता आहेत, मीही वापरते. टेबलाचा पहिला आराखडा त्यातल्याच एकाने दिला होता, ‘पत्ता’ कॉलमसकट, आणि मी हो म्हटलं होतं. त्याचा दोष नाही. त्याच्या घरी नळ येत नाही.

पण सुचलं म्हणजे खरं झालं नाही. मी मामीकडून मागच्या वर्षीच्या मे महिन्याचं रजिस्टर मागितलं, १२ दिवसांची पानं घेतली आणि दुसऱ्या फेरीची प्रत्येक नोंद वेगळी काढली. १९४ निघाल्या. मग प्रत्येक पत्त्याच्या भागात पाणी कधी येतं ते मामीला विचारत गेले. ती रजिस्टरकडे न पाहता सांगत होती. कुठे सकाळी, कुठे दुपारी चारला, कुठे एक दिवसाआड, कुठे टँकर. १९४पैकी ११७ ठिकाणी पहिली फेरी पाणी नसताना झाली होती आणि बिघाडही पाण्याशिवाय न तपासता येण्यासारखा होता. बाकीच्यांत घराला कुलूप, भाग नव्हता, मेकॅनिकचा कंटाळा वगैरे. ज्यांच्याकडे बोअर किंवा मोठी टाकी, त्यांचा हा प्रश्नच नव्हता.

मी हरखून मामीला सांगायला गेले. तिने चष्म्यावरून पाहिलं.

‘हे तं मले माहीतच होतं.’

‘मग मामी, सांगितलं का नाही?’

‘तू इचारलं कुठी? तू पत्ता इचारला, म्या पत्ता सांगतला.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. चहा आला, तो प्यायला.

जुना कोड जवळपास सगळा टाकून दिला. ‘पत्ता’चे दोन भाग झाले, ‘घर’ आणि ‘पाणी’. बिघाडांचेही दोन गट पडले, ओले आणि कोरडे. पंप, नळ्या, ताट्या, गळती, फ्लोट हे ओले. पंखा फिरत नाही, कंडेन्सर गेला, पेटीला हात लावला की झटका बसतो हे कोरडे. ओली कामं नळाच्या वेळेत, कोरडी मधल्या उन्हात, आणि झटक्याची तक्रार सगळ्यांत आधी, वेळ कोणतीही असो. नवा कोड जुन्याच्या अर्ध्याहून कमी भरला. एका मेकॅनिकने मला आणखी सोपा उपाय दाखवला: तो पाच लिटरची कॅन गाडीला बांधून फिरायचा. त्याची दुसरी फेरी मुळातच कमी होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाच लिटरमध्ये पंप बुडतो, पण सगळ्या ताट्या भिजत नाहीत आणि टाकीची वरची गळती दिसत नाही. तरी आता अकराही जणांच्या गाडीला कॅन आहे. ती कल्पना माझी नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. यशाने माणूस चेकाळतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नकाशावर कंडेन्सर गेल्याच्या तक्रारींचे दोन गुच्छ दिसले आणि माझ्या अंगावर काटा आला. व्होल्टेज! एकाच ट्रान्सफॉर्मरवरची घरं! संध्याकाळी दाब कमी-जास्त होतो आणि कंडेन्सर मरतात! ही कल्पना पाण्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जोरात आली होती. दोन रात्री जागून मी ट्रान्सफॉर्मरचे अंदाजे विभाग पाडले, आधीच इशारा देणारा भाग लिहिला, मालकाला फोनवर सांगूनही मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी तपासलं तर ते गुच्छ व्होल्टेजचे नव्हतेच. एका खोक्यातले कंडेन्सर सदोष निघाले होते, ते खोकं दोन मेकॅनिकांकडे गेलं होतं, आणि ते दोघे ज्या भागात हिंडले तिथे गुच्छ पडले होते. मालकाला पुन्हा फोन करावा लागला. तो हसला. मामी हसली नाही, तिने खोकं परत पाठवलं.

तर कल्पना किती जोरात येते यावरून ती खरी की खोटी हे कळत नाही. पाण्याची आली तेव्हा अंगावर काटा वगैरे काही नव्हतं, एक साधंसं वाक्य होतं आणि मागे महिन्याभराची टोचणी होती. व्होल्टेजच्या मागे टोचणी नव्हती, हौस होती. यातून नियम काढावा असा मोह मला होतो, पण दोन उदाहरणांवर नियम लिहिणाऱ्या ज्युनियरला मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे.

नव्या आवृत्तीवर दुसऱ्या फेऱ्या बऱ्याच उतरल्या. टँकरच्या भागांचं मला काहीच जमलेलं नाही. तिथे वेळ नसतेच, टँकर येतो तेव्हा येतो. तिथल्या तक्रारी सॉफ्टवेअर सरळ मामीकडे पाठवतं आणि मामी कोणाला तरी फोन करून विचारते, ‘टँकर आला काय वं?’

मामीचं रजिस्टर बंद झालेलं नाही. स्क्रीन समोर असते, तरी ती प्रत्येक तक्रार पेनने उतरवते. मी सुरुवातीला कुरकुरले, आता नाही. जूनमध्ये एकदा तिच्याशेजारी बसून पाहत होते तेव्हा काही नावांपुढे पेनने काढलेलं लहानसं गोल दिसलं. १२ दिवसांची पानं मी इतकी उलटली होती, त्यातही ते गोल असणारच. मी दुसऱ्या फेऱ्या मोजत होते म्हणून दिसले नव्हते.

‘हे काय आहे, मामी?’

‘घरी म्हातारं माणूस आहे, नाहीतर बाळंतीण.’

‘ते सांगतात फोनवर?’

‘सांगत नाही. आवाज येते ना मागून.’

माझा हात सवयीने वहीकडे गेला. कॉलम करायला पाच मिनिटं लागली असती. पण तसा कॉलम झाला की फोनवर तो प्रश्न विचारावा लागणार, आणि ४५ अंशांत कूलर बंद पडलेलं कोणतंही घर ‘हो, आहे म्हातारं माणूस’ असंच म्हणणार. मग शंभरातल्या ९० नावांपुढे गोल येईल आणि मामीने ऐकलेला आवाज त्यात बुडून जाईल. दुसरीकडे, तिचे गुडघे. पुढच्या हंगामात त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर ते गोल काढणार कोण?

वहीत लिहिलं आहे: ‘गोल.’ तारीख १२ जून. त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, फोन थांबले, मामीने रजिस्टर मिटून त्यावर पेपरवेट ठेवलं आणि मला विचारलं, ‘काय वं, जेवून जाशील ना?’